बाळाच्या डोक्यावरची खपली: उपकेंद्राच्या कामाच्या नोंदी

5 नोव्हेंबर 2024

दिवाळीनंतरचं पहिलं लसीकरण सत्र आज झालं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची बाळं, म्हणजे ज्या वयात डोक्यावर पिवळट खपली धरते नेमकी तीच, आणि यावेळी बऱ्याच जणांच्या डोक्याला ओरखडे होते. विचारलं तर सगळीकडे उत्तर एकच, पहिली दिवाळी, अभ्यंगस्नान, आजीनं तेल थापून उटणं चोळलं आणि टाळूवरचा मळ निघतोय म्हणून नखानं खरवडला. एका बाळाच्या कानामागं तर ओलसर झालंय, पिवळं पाणी येतंय, त्याला लगेच पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर सरांकडे पाठवलं.

सत्र संपल्यावर आशाताईंशी बोलले. ठरलं असं की आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या गावांपुरतं एक छोटं काम हातात घ्यायचं, एक पानी पत्रक, आशाताईंना प्रत्यक्ष करून दाखवणं आणि घरोघरच्या आज्यांशी बोलणं. आज्यांशी आधी, कारण पहिले तीन महिने बाळाचं डोकं आजीच्या नाहीतर न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हातात असतं, पोरगी माहेरी बाळंतपणाला आलेली असते, ती काय बोलणार. या वहीत तारखेप्रमाणे लिहीत जाईन, पुढं दुसऱ्या उपकेंद्राला कुणाला करायचं असलं तर हेच देता येईल.

8 नोव्हेंबर

दोन दिवस वाचन. आधी आपल्याला नीट कळलं पाहिजे मग दुसऱ्याला सांगायचं.

याला क्रेडल कॅप म्हणतात, डॉक्टरी नाव सेबोरिक डर्मटायटिस. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत दिसायला लागतं, बहुतेक बाळांचं वर्षाच्या आत आपोआप जातं. पोटात असताना आईचे हार्मोन्स वारेतून बाळाकडे जातात, जन्मल्यावरही काही काळ त्यांचा अंमल राहतो, त्यानं डोक्याच्या कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात चालतात असं मानलं जातं. त्या तेलावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी जगते. ती बाहेरून आलेली नसते, आपल्या सगळ्यांच्या अंगावर असते, मोठ्या माणसांच्या कोंड्यातसुद्धा हिचाच हात असतो. ती तेल फोडते, त्यातली काही फॅटी ॲसिड कातडीला झोंबतात, कातडीच्या पेशी भराभर सुटतात आणि तेलातच चिकटून बसतात. त्या चिकटून बसलेल्या थराला आपण खपली म्हणतो.

म्हणजे हा मळ नाही, अस्वच्छपणामुळं झालेला नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि बाळाला त्याची खाज किंवा दुखणं फारसं नसतं, बाळ मजेत दूध पितं खेळतं. आणि आईच्या खाण्याचा संबंध नाही. हे मला पत्रकात मोठ्या अक्षरात पाहिजे. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीचं ताक, वांगं, बटाटा, डाळ सगळं बंद केलं होतं, तू खाल्लंस म्हणून बाळाच्या डोक्यात निघालं असं सासू आणि आई दोघी म्हणत होत्या, आणि ती बिचारी भात-तूप आणि मेथीच्या लाडवावर दिवस काढत होती. अंगावर पाजणाऱ्या बाईला असं उपाशी ठेवणं मला बघवत नाही.

उपचाराबद्दलचा अभ्यास किती पक्का आहे तेही बघितलं. 2019 मध्ये कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं, जगभरातल्या चाचण्या गोळा केल्या तर त्यांना हाताला लागल्या 6, सगळी मिळून 310 मुलं, आणि पुरावा फार कच्चा असंच त्यांनी म्हटलं. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या-थेंबांचा फायदा दिसला नाही. मग आपलं धोरण सरळ, आपोआप जाणारी गोष्ट आहे, त्यामुळं जे करायचं ते बाळाला इजा न होणारं, स्वस्त आणि घरात जमणारं पाहिजे.

14 नोव्हेंबर

आशाताईंबरोबर घरोघर. डोक्याला काय काय लावता एवढंच विचारायचं, चूक-बरोबर काही म्हणायचं नाही असं आधीच ठरवून गेलो त्यामुळं लोक मोकळं बोलले. खोबरेल तेल सगळीकडे. त्यानंतर कापूर घातलेलं खोबरेल, एरंडेल, शेंगतेल, वेखंडाची पूड, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि साय, लिंबाचा रस, एका ठिकाणी बोरिक पावडर, आणि पुण्या-मुंबईत पाहुणे असतील तिथं ऑलिव्ह ऑइलची बाटली.

खरी गोष्ट कळली ती टाळूबद्दल. टाळू भरायची म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तेल जिरवतात, वरून टोपडं किंवा कुंची बांधतात, आणि आंघोळीला डोक्यावरून पाणी ओततात पण टाळूला बोट लावत नाहीत. टाळू मऊ लागते, ठोके पडताना दिसतात, तिथं हात लागला तर बाळाला काय होईल ही भीती. म्हणजे तेल रोज चढतंय, निघत कधीच नाही. खपली सगळ्यात जाड बरोबर तिथंच असते, पुढच्या टाळूवर, आणि बाकीचं डोकं त्यामानानं साफ.

एक आजी, पंच्याहत्तरीच्या पुढच्या असतील, म्हणाल्या, "अगं पोरी, टाळू न्हाय भरली तर ती खाली बसती, पोर पाण्यावाचून सुकतं." मी म्हटलं, "आजी, टाळू खोल गेलेली दिसली तर तुम्ही म्हणता तसं बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, हे अगदी बरोबर ओळखलंत, तेव्हा बाळाला दवाखान्यात न्यायचं. पण वरून तेल घालून पाणी भरत नाही, ते आईच्या दुधानं भरतं." आजी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग तेल लावायचंच न्हाय का?" लावायचं, आजी. लावायचं आणि धुवून काढायचं.

सगळ्या कामाचं सार या एका वाक्यात येतंय असं मला वाटतं. तेल सोडा असं सांगायला गेलो तर कुणी ऐकणार नाही आणि सोडायची गरजही नाही. तेल खपली मऊ करायला लावायचं, थोड्या वेळानं धुवून टाकायचं. डोक्यावर राहिलेलं तेल खपलीचा थर अजून जाड करतं.

20 नोव्हेंबर

कापराची नोंद वेगळी करतेय कारण ही गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. खोबरेलात कापूर विरघळवून ठेवायचा, कोंड्याला, उवांना, सर्दीला तेच वापरायचं, ही पद्धत आपल्याकडे घराघरात आहे. मोठ्या माणसाचं ठीक. लहान बाळाच्या कातडीतून कापूर आत जातो, वासातून जातो, आणि तेल लागलेला हात बाळाच्या तोंडात गेला तर पोटातूनही जातो. कापरानं तान्ह्या बाळांना झटके येऊ शकतात. भीमसेनी असो नाहीतर पूजेच्या वड्या, बाळाच्या डोक्याला, छातीला, उशाशी कापूर नको. आशाताईंनी विचारलं की जरासा असला तर, तर जरासाही नको असंच सांगायचं ठरलं, कारण घरी कुणी मोजून घालत नाही.

बोरिक पावडर पण तशीच, कातडीला ओरखडा असला की तिथून आत शोषली जाते आणि ती बाळासाठी विषारी आहे. वेखंडाच्या पुडीचा त्रास वेगळा, डोक्यावर टाकताना ती नाकातोंडात उडते, शिवाय तेलात कालवल्यासारखी होऊन बसते आणि खपली अजून घट्ट होते. लिंबू आणि डाळीचं पीठ चोळणं यानं आधीच नाजूक झालेली कातडी सोलवटते. शेंगतेल कातडी सोलवटलेल्या बाळाला नको, शेंगदाण्याची ॲलर्जी पुढं निर्माण व्हायचा धोका असतो. ऑलिव्ह ऑइलमध्ये ओलेइक ॲसिड जास्त असतं, त्यानं कातडीचं वरचं संरक्षण कमकुवत होतं असं दिसलंय, तेव्हा महागाची बाटली आणायची काही गरज नाही. साधं, वास न घातलेलं, कापूर नसलेलं खोबरेल तेल चालेल, ते नसेल तर व्हॅसलीन.

शेगडीवर ओवा-शेपा टाकून दिलेल्या धुरीचा विषय पण निघाला. त्याचा खपलीशी संबंध नाही, पण बाळाच्या छातीला धूर वाईटच, म्हणून पत्रकात एक ओळ घालायची का यावर चर्चा झाली. नको म्हटलं. एका पानात एकच विषय, नाहीतर कुणी वाचत नाही.

27 नोव्हेंबर

आज प्रात्यक्षिक. अडीच महिन्यांची मुलगी, आई आणि आजी दोघी तयार, आशाताई सगळ्या हजर. खोलीचं दार लोटून घेतलं, वारं नको. मुलीच्या टाळूवर खपली चांगली जाड, मधाच्या रंगाची, कडेला सुटत आलेली, आणि भुवयांमध्येपण बारीक कोंडा.

आधी हात धुतले, नखं बघितली. ज्यांची वाढलेली होती त्यांनी कापली, हे सुद्धा प्रात्यक्षिकातच धरलं. चमचाभर तेल वाटीत घेऊन बोटांच्या पेरांनी खपलीवर लावलं, जिरवलं नाही, नुसतं भिजेल इतकं. मग बाळ आईकडे पाजायला दिलं. साधारण पंधरा-वीस मिनिटं गेली, तेवढ्यात आजींना टाळूबद्दल सांगितलं, की हाडं जुळायची असतात म्हणून तिथं मऊ लागतं, पण मधे चिवट पडदा असतो, हळुवार बोट फिरवल्यानं काही होत नाही, आणि पुढची टाळू बहुतेक बाळांची दीड वर्षापर्यंत आपोआप भरून येते.

मग बाळाचा मऊ ब्रश. ज्या घरी ब्रश नाही त्यांच्यासाठी जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा पण बाजूला ठेवला होता, दोन्हीनं करून दाखवलं. एकाच दिशेनं, हलक्या हातानं, दाब अजिबात नाही. खपलीची कड उचलली जाऊन पापुद्रा ब्रशवर आला, त्यात दोन-तीन केस चिकटलेले. आजी लगेच "केस गेले" म्हणून घाबरल्या. हे आधीच सांगायला पाहिजे, खपलीबरोबर थोडे केस येतात, ते पुन्हा उगवतात. जिथं पापुद्रा घट्ट होता तिथं ब्रश थांबवला, उद्या बघू म्हटलं. हे दाखवणं सगळ्यात महत्त्वाचं होतं कारण अर्धवट राहिलेली खपली बघितली की बायकांचा हात शिवशिवतोच.

शेवटी कोमट पाणी, थेंबभर बेबी शाम्पू हातावर फेस करून टाळूसकट सगळ्या डोक्याला, कानामागं, मानेच्या वळ्यांत. डोळ्यावर येऊ नये म्हणून बाळाला मागं कलतं धरलं. मग भरपूर पाणी, तेलाचा चिकटपणा बोटाला लागेनासा होईपर्यंत. मऊ पंच्यानं टिपून घेतलं, टोपडं लगेच घातलं नाही, पाच-दहा मिनिटं डोकं उघडं ठेवून वाळू दिलं. पोरगी मधे एकदा रडली ती पण पाण्याला. आजींनी स्वतः टाळूवरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "गुळगुळीत लागतंय की." त्या शेजारच्या चार घरी जाऊन सांगणार हे मला तेव्हाच कळलं.

खपली असेपर्यंत असं रोज किंवा एक दिवसाआड, साफ झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा शाम्पूनं डोकं धुणं पुरे. मोठ्यांचा शाम्पू नको, कोंड्याचा तर नकोच, त्यातल्या काहींमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं आणि ते बाळाच्या कातडीतून आत शोषलं जातं. अंगाचा साबण डोक्याला नको. शिकेकाई डोळ्यात गेली तर फार झोंबते, नको. बेबी शाम्पूची छोटी बाटली एकदा घेतली की महिनोन् महिने जाते, लागतो थेंबभरच, त्यामुळं खर्चाचं लोक एवढं मनावर घेत नाहीत असं दिसलं.

3 डिसेंबर

फोटोंचा प्रश्न. पुस्तकात नेटवर जे फोटो आहेत ते सगळे गोऱ्यापान बाळांचे, गुलाबी डोकं आणि त्यावर पिवळे खवले. आपल्या बाळांचं तसं दिसत नाही. सावळ्या कातडीवर लाली कळतच नाही, उलट खपली निघाल्यावर खालची कातडी आजूबाजूपेक्षा फिकट दिसते, कधी कपाळाच्या कडेला, भुवयांत, कानामागं, मानेच्या वळीत फिकट डाग राहतात. आणि इथं लोकांच्या मनात पहिला शब्द येतो तो कोड. एका घरात मुलीच्या कपाळावरचे असे डाग बघून घरचे खरंच हादरले होते, मुलगी आहे, पुढं लग्न कसं जमणार इथपर्यंत बोलणं गेलं, बाळ तीन महिन्यांचं.

ते कोड नाही. सूज आली की रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम तात्पुरतं मंदावतं, म्हणून फिकट दिसतं, खपली बरी झाल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत रंग परत येतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्याच्यावर कोंडा नसतो. तरी घरच्यांचं समाधान होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा म्हणायचं, ते बघून सांगतील.

बाळांचे फोटो पत्रकात छापायचे नाहीत हे मी पहिल्यापासून म्हणत होते. आमच्या एका आशाताईंच्या मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे, तिला प्रत्यक्ष दाखवलं आणि तिनं सावळ्या बाळाचं डोकं रंगवून दिलं, एक खपली असलेलं, एक फिकट डाग राहिलेलं. फोटोपेक्षा जास्त कळतंय.

12 डिसेंबर

आज मनाला फार लागलं. सव्वातीन महिन्यांचं बाळ, डोक्याला आणि गालाला मेडिकलमधून आणलेली क्रीम तीन आठवडे लावतायत. ट्यूब बघितली तर त्यात जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र. बाळाच्या बापाला गजकर्णासाठी दिलेली होती, तीच घरात पडलेली बाळाला लावली. दोन दिवसात खपली गेली म्हणून लोक खूश, लावणं बंद केलं की पुन्हा, मग पुन्हा लावली. गालावरची कातडी पातळ होऊन आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागल्यात.

बाळाची कातडी पातळ, डोकं अंगाच्या मानानं मोठं, त्यामुळं असं स्टेरॉइड भरपूर आत शोषलं जातं आणि बाळाच्या स्वतःच्या शरीरात तयार होणाऱ्या स्टेरॉइडवरच परिणाम होऊ शकतो. 2018 मध्ये केंद्र सरकारनं कातडीला लावायची अशी बरीच स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर आहे. त्या बाळाला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, स्वतः फोन करून वेळ घेतली. क्रीम मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर कशी थांबवायची ते सांगतील असं घरी समजावलं.

पत्रकात चौकट टाकायची, घरात पडलेली दाद-खाज-खुजलीची कुठलीही ट्यूब बाळाला लावायची नाही. गरज पडली तर डॉक्टर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे हलकं स्टेरॉइड थोडे दिवस किंवा 2 टक्के किटोकोनॅझोल हे बुरशीचं औषध देतात, ते त्यांनी बाळ बघून ठरवायचं.

19 डिसेंबर

सरांबरोबर बसून बाळ कधी पाठवायचं ते पक्कं केलं. खपली ओली झाली, पू किंवा पिवळं पाणी यायला लागलं, वास यायला लागला, रक्त यायला लागलं, सूज आली, बाळाला ताप आला किंवा दूध कमी घ्यायला लागलं, तर त्याच दिवशी. खपली डोक्यावरून चेहऱ्यावर, काखेत, लंगोटाच्या जागी सगळीकडे पसरली तर त्या आठवड्यात. बाळाला सारखी खाज येते, झोपत नाही, उशीवर डोकं घासतं, तर तो इसब असू शकतो, त्याचा उपचार वेगळा. गोल चट्टा आणि तिथले केस मुळाशी तुटलेले, तर गजकर्ण, त्याला पोटातून औषध लागतं. घरात सगळ्यांना रात्री खाज आणि बाळाच्या तळहात-तळपायाला पुटकुळ्या, तर खरूज. वर्ष उलटून गेलं तरी खपली आहेच, किंवा बाळाचं वजन वाढत नाही, जुलाब सारखे, खपलीत लाल-जांभळे ठिपके, तर नक्की पाठवायचं. क्वचित एखाद्या मोठ्या आजाराची ती खूण असते.

सर म्हणाले एवढं सगळं पत्रकात घालू नका, घाबरतील. बरोबर आहे. पत्रकात पहिलं वाक्य फक्त, बाकीचं आशाताईंच्या डायरीत चिकटवायला वेगळा कागद.

2 जानेवारी 2025

मसुदा आशाताईंनी मोठ्यानं वाचला आणि जिथं अडखळल्या ते शब्द काढले. "त्वचा" ऐवजी "कातडी", "सौम्य" ऐवजी "बाळाचा", "संसर्गजन्य नाही" ऐवजी "एकाचं दुसऱ्याला लागत नाही". पत्रक निम्म्यावर आलं आणि चांगलं झालं.

मग प्रश्न हा की सांगायचं कधी. खपली धरल्यावर सांगून उपयोग कमी, तोवर खरवडून झालेलं असतं. एचबीएनसीच्या, म्हणजे आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळ बघायच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात, त्यातली एकविसाव्या दिवसाची भेट यासाठी पक्की केली, खपली सुरू व्हायच्या तोंडाशी. पुन्हा 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसीला डोकं बघायचं, टोपडं काढून, कानामागंसकट. वेगळी फेरी नाही, वेगळा फॉर्म नाही, आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचे डोंगर आहेत. ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून पुढं आली आणि देशभर गेली, हे आशाताईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. गावातल्या बाईनं बाळाचं नीट निरीक्षण केलं तर बाळ वाचतं हे तिथंच दिसलं होतं.

9 जानेवारी

पौष. पालीच्या खंडोबाची यात्रा तोंडावर, बऱ्याच घरांत जावळ काढायचा बेत. खपलीवरून वस्तरा फिरला की कातडी कापते, तिथून जंतू आत जातात, आणि यात्रेत एकाच वस्तऱ्यानं किती डोकी होतात कुणास ठाऊक. जावळ काढल्यानं खपली जाते हाही एक समज आहे. केस गेल्यावर ती नुसती उघडी दिसते, तिची कारणं कातडीत असतात.

नवसाचं असतं, त्यात आपण मोडता घालायचा नाही. खपली साफ झाल्यावर जावळ काढा, घाई असेल तर आधी आठवडाभर तेल लावून धुवून साफ करून घ्या, नवीन पातं स्वतः घेऊन जा, आणि ओलं किंवा लाल असेल तर देवाला एक बट कापून द्या, बाकीचं पुढच्या वेळी. ही बटेची कल्पना आमच्या एका ज्येष्ठ आशाताईंची, आणि घरोघरच्या आज्यांना ती लगेच पटली, देवाला सगळं चालतं म्हणाल्या.

23 जानेवारी

संक्रांत झाली, आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाणं. आशाताईंनी सुचवलं की वेगळी मीटिंग बोलावली तर चार बायका येतील, बोरन्हाणाला अख्खी आळी येते. आज एका घरी तसंच केलं. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं-चुरमुरे-ऊसाचे करवे ओतून झाले, पोरांनी वेचून खाल्ले, मग वाण देताना प्रत्येकीला पत्रक, आणि प्रात्यक्षिकाच्या वेळच्या आजींनी स्वतः उठून सांगितलं. माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्यांचं एक बोलणं जास्त गेलं. "तेल लावा, पण ते डोक्यात ऱ्हायला नगं. टाळूला हात लावला तर काय होत न्हाय, म्या लावून बघितलाय."

एकीनं विचारलं, हे होऊच नये म्हणून काय करायचं. तिला खोटा भरवसा दिला नाही. काही बाळांना होणारच, आईबापाचं काही चुकलेलं नसतं. रोजचं तेल त्याच दिवशी धुणं, टाळूसकट डोकं आठवड्यातून दोन-तीनदा बाळाच्या शाम्पूनं साफ करणं, हलका ब्रश फिरवणं, घरात गरम होत असताना कुंची बांधून न ठेवणं, एवढ्यानं जाड थर बसायचा राहतो.

न्हाऊ घालणाऱ्या एका मावशी थोड्या नाराज दिसल्या, आमच्या हाताखालून इतकी बाळं गेली म्हणाल्या. त्यांच्याशी नंतर निवांत बोलले. त्यांचा हात खरंच चांगला आहे, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात ते बघत राहावं असं, त्यांना म्हटलं मावशी शेवटची पायरी तेवढी वाढवा, टाळू धुवायची. कानात तेल सोडायचं मात्र बंद करा म्हटलं, त्यावर हो म्हणाल्या.

6 फेब्रुवारी

आजच्या सत्रात प्रत्येक बाळाचं टोपडं काढून बघितलं. खपल्या आहेत, त्या असणारच, पण नखाचे ओरखडे दिसले नाहीत, आणि कापराचा वास येणारं एकच डोकं. त्या घरी उद्या आशाताई जाणार. नोव्हेंबरमध्ये कानामागं ओलं झालेलं बाळ पूर्ण बरं आहे. क्रीमवाल्या बाळाचं त्वचेच्या डॉक्टरांकडे चालू आहे, गाल सुधारतोय, वेळ लागेल म्हणाल्यात. कपाळावर फिकट डाग असलेल्या मुलीचा रंग भरत आलाय, तिची आई स्वतःहून दाखवायला आली.

पत्रकाची दुसरी छपाई करताना दोन बदल. "घरात पडलेली ट्यूब लावू नका" ही चौकट मागच्या बाजूला होती ती पुढं घेतली. आणि खाली रिकामी जागा ठेवली, तिथं प्रत्येक आशाताईंनी आपल्या हातानं नाव आणि भेटीचा दिवस लिहायचा.

बाकी राहिलेलं: मेडिकलवाल्यांना भेटून बाळाच्या क्रीमबद्दल बोलायचं, सर बरोबर येणार आहेत. ऊसतोडीला गेलेल्या घरांची बाळं मार्च-एप्रिलमध्ये परत येतील, त्यांची एकविसाव्या दिवसाची भेट चुकलेली असेल, त्यांची यादी आशाताई करतायत. उन्हाळ्यात घामोळं आणि खपली एकत्र दिसेल, दोन्हीतला फरक दाखवणारं चित्र त्या मुलीकडून काढून घ्यायचं, तिची दहावीची परीक्षा संपल्यावर.